टर्की न बघितलेले मेस्त्रीकाका

रमाकांत मेस्त्री अकरा वर्षं टर्कीच्या मादीचा आवाज बनवत होते आणि त्यांनी टर्की बघितलेली नव्हती. यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे. कोणी छेडलंच तर म्हणत, "वकिलाला विचारता का कधी, खून बघितलाय का म्हणून?" आणि पुन्हा लेथकडे वळत.

दुबईत रास अल खोरला आमचं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे. किचनची कपाटं, मजलिसचे, म्हणजे अरबी बैठकीच्या खोल्यांचे, दरवाजे, हॉटेलांची रिसेप्शन टेबलं. मी तिथे ऑफिसात, म्हणजे कोटेशन, कुरियर, गिऱ्हाइकांच्या ईमेल आणि सगळ्यांच्या एसीच्या तक्रारी. मेस्त्रीकाका सावंतवाडीकडचे. लाकडी खेळणी कातण्यात लहानपण गेल्यामुळे लेथ हे त्यांना यंत्र वाटतच नसे, घरातलं कोणीतरी वाटे. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल असायची. एक वापरायची आणि दुसरी पहिली हरवली तर. अकरा वर्षांत पहिली हरवली नाही, तरी दुसरी रोज टोक काढून ठेवलेली.

टर्कीचं प्रकरण एका किचनमधून सुरू झालं. काका एका अमेरिकन साहेबाच्या व्हिलात कपाटं बसवत होते. साहेबाने त्यांच्यापुढे एक तडा गेलेली डबी धरली आणि दुरुस्त होईल का विचारलं. तळहातावर मावेल अशी गोल लाकडी डबी, वरच्या तोंडाला शाळेच्या पाटीच्या दगडाची चकती बसवलेली, बुडाला भोकं, आणि सोबत वीतभर काठी. काठी पेनसारखी धरून पाटीवर छोटे छोटे गोल काढायचे की डबीतून पक्ष्याचा आवाज निघतो. तिकडे डबीला पॉट म्हणतात आणि काठीला स्ट्रायकर. काका शेवटपर्यंत डबी आणि काठीच म्हणत राहिले.

हे आहे तरी काय, असं काकांनी विचारलं तेव्हा सोबत आमचे शेठ होते. शेठ कच्छी, तीन पिढ्या दुबईत. त्यांनी सांगितलं, "इससे टर्की को बुलाते हैं, मेस्त्री. दूर से आ जाती है." काकांनी मान डोलावली. पक्ष्यांना बोलावणं त्यांना नवीन नव्हतं. गावाला काकी रोज सांजवेळी दारात उभी राहून कोंबड्यांना हाक मारते, त्या येतात, आणि त्यांना झापाखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, कोंडलं की दिवस संपतो. अमेरिकेत पक्षी मोठे, रानं मोठी, माणसाचा घसा पुरत नसणार, म्हणून हे यंत्र. इतकं सरळ प्रकरण त्यांना पुन्हा कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

हा त्यांचा समज किती पक्का होता ते मी रोज बघायचे. पाच वाजता चहाची सुट्टी झाली की काका घरी व्हिडिओ कॉल लावायचे. तिकडे साडेसहा, काळोख पडायच्या बेतात. काकी फोन अंगणाकडे धरायची आणि काका रास अल खोरमधून, आजूबाजूला करवती आणि पठाण सुतार, "बाऽ बाऽ बाऽ" अशी हाक मारायचे. कोंकणात कोंबड्या धावत यायच्या. पठाणांनी सुरुवातीला बघितलं, नंतर सोडून दिलं. एकदा कॉल लागला नाही तर त्यांच्यातलाच एक म्हणाला, "चाचा, आज मुर्गी बाहर रहेगी क्या?" काका संध्याकाळभर कामात लक्ष घालू शकले नाहीत.

साहेबाची डबी दुरुस्त करून त्यांनी तशीच एक नवीन केली. महोगनीच्या दरवाज्यातून उरलेला तुकडा, फरशीच्या दुकानातून आणलेली स्लेट. साहेबाने वाजवून बघितली आणि लाकडाचं फार कौतुक केलं. मग अतिशय सभ्यपणे सांगितलं की आवाज सुंदर आहे, पण टर्कीचा नाही. तो टर्कीचा नसणारच, तो काकीच्या काळ्या कोंबडीचा होता. काकांच्या कानात जी मादी होती तिचाच त्यांनी काढला होता.

मग साहेबाने फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं. काका तीन आठवडे एका कानात इयरफोन घालून ते ऐकत होते. दुबईच्या देरा भागात काकांच्या खोलीत सहा जण राहायचे, सगळे सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे. इयरफोन बिघडला त्या दिवशी काकांनी रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं, तेव्हा कुडाळच्या इलेक्ट्रिशियनने त्यांना सांगितलं, "मेस्त्रीनू, एक तर ती रवात नायतर मी." काका जिन्यात जाऊन बसले. चौथ्या आठवड्यात डबी झाली. साहेबाने डोळे मिटून वाजवली, पुन्हा वाजवली, आणि सहा डब्यांची ऑर्डर दिली. सुट्टीवर जाताना त्या भेट म्हणून नेल्या आणि तिकडून त्याच्या मित्रांच्या ईमेल माझ्याकडे यायला लागल्या.

पुढे ते वर्कशॉपचं एक छोटं खातंच झालं. इंटरनेटवर आमचं पान, त्यावर फोटो, आणि फोटोखाली मी लिहिलेला मजकूर. एका जोडीचे साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजार रुपये, हे काकांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की त्या लोकांकडे पक्षी किती असतात. पुष्कळ असतात, असं मी सांगितलं.

जोडी म्हणायचं कारण काठी. बाजारात काठ्या डझनाने मिळतात आणि कुठलीही कुठल्याही डबीवर चालते, असं लोक म्हणतात. काकांना हे बोलणं अश्लील वाटे. त्यांच्या बाकावर एका पत्र्याच्या डब्यात साठ-सत्तर काठ्या असत, शिसवी, साग, बीच, सगळ्यांची टोकं थोडी थोडी निराळी घासलेली. डबी तयार झाली की एकेक काठी घेऊन तिच्यावर तीन गोल. नाही. दुसरी. नाही. कधी दहा मिनिटांत जमे, कधी दोन दिवस. जमली की डबीच्या बुडाला आणि काठीच्या शेंड्याला एकच देवनागरी आकडा कोरायचे आणि मला आत येऊन सांगायचे, "मॅडम, तीनशे बाराचं लग्न झालं." मी एकदा विचारलं, छत्तीस गुण जमले का? म्हणाले, "छत्तीस जमलेले बघितलेत मी. एकमेकांशी बोलत नाहीत. अठरा पुरे."

एका गिऱ्हाइकाने रानात काठी हरवली आणि फक्त काठी पाठवा म्हणून लिहिलं. काकांनी नकार दिला. मी म्हटलं, काका, पैसे देतोय तो. काका म्हणाले, "बिजवराला मुलगी बघायची तर बिजवर समोर नको? डबी पाठव म्हणावं." हे मी इंग्रजीत जमेल तसं लिहिलं. त्या माणसाने खरंच डबी पाठवली, अमेरिकेहून, बबल रॅपच्या पाच थरांत. काकांनी दोन दिवस लावून तिला दुसरी काठी शोधली आणि जुना आकडा खोडून नवीन घातला. महिन्याभराने त्या माणसाचा आभाराचा ईमेल आला, सोबत फोटो.

फोटोत तो गुडघ्यावर बसलेला होता. पुढ्यात पंखा उघडावा तशी शेपटी पसरून ठेवलेला मेलेला नर, बाजूला बंदूक, आणि नराच्या छातीवर काकांची डबी आणि काठी मांडून ठेवलेली.

मी काकांना निरोप वाचून दाखवला. फोटो दाखवला नाही. तसे फोटो मला पहिल्या वर्षापासून येत होते आणि मी एका फोल्डरमध्ये टाकत होते. त्या यंत्राचा उपयोग काय ते मला माहीत होतं, कारण इंटरनेटवरचा मजकूर मीच लिहिला होता. मादीचा आवाज ऐकून नर येतो, आणि त्याची वाट बघत झाडाआड माणूस बसलेला असतो. काकांना सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं आणि न सांगायचं असंही नाही. पहिल्या वर्षी विषय निघाला नाही. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता काय सांगायचं. त्यानंतर मात्र मी जाणूनबुजून लपवत होते. कोणी जिवंत टर्कीचा फोटो पाठवला की मी प्रिंट काढून त्यांच्या बाकासमोर लावायचे. त्यांनी त्या फोटोंची धूळ पुसलेली बघितली की मला लाज वाटायची.

मेस्त्रीकाका महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे अल मनखूलला जेवायला यायचे. रिकाम्या हाताने कधी नाही, एकदा पाट, एकदा लाटणं, एकदा माझ्या नवऱ्याला, मंदारला, पाठ खाजवायची काठी, तिलाही आकडा घातलेला. वर्कशॉपमध्ये ते माझ्याशी प्रमाण मराठीत बोलत आणि मला मॅडम म्हणत. घरी आले की चपलांबरोबर ते मराठी दाराबाहेर काढत आणि मी मॅडमची बाय व्हायचे.

त्या रविवारी मी कोंबडीचा रस्सा आणि वडे केले होते. अमेरिकेतल्या वसंताच्या हंगामासाठी चाळीस जोड्यांची ऑर्डर होती, सव्वीस झाल्या होत्या. काका माझ्या मुलीला, सानिकाला, समजावून सांगत होते की तिकडचे लोक सांजचे दारात बसून डबी वाजवतात आणि पक्षी घरी येतात. सानिका पंधरा वर्षांची आहे. तिने फोनमधून मान वर केली.

"नो काका," ती म्हणाली. "दे शूट देम."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं की इंग्रजी नीट कळलं नाही.

"इट्स फॉर हंटिंग," सानिका म्हणाली. "ऑब्व्हियसली. आई, त्यांना माहीत नाही?"

मंदारने रश्श्याचं भांडं पुढे केलं. काकांनी वाढून घेतलं, पानात होतं ते सगळं संपवलं, हात धुतले, आणि मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"तुका म्हायत होतां?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, काका."

ते खालच्या पार्किंगकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाले, "मी कोंबडी खातंय. आताच खाल्लंय. कापलंय पण, माका तेचां काय नाय. पण आमच्या घरात हाकेक इलेली कोंबडी त्या सांजेक कापनत नाय. पावणे इले तरी नाय. सकाळी झापाखालून धरायची नि कापायची. तिका पण म्हायत आसता मगे." पुढे म्हणाले, "तीनशे अठ्ठावन्न जोडपी केलंय मी." मी माफी मागितली. त्यांनी हं केलं आणि जोडे घातले.

सोमवारी ते वेळेवर आले, बाक पुसला, आणि डबीला हात लावला नाही. चार दिवस त्यांनी लेथला तेल घातलं. पाचव्या दिवशी शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी कुरियरची कागदं घेऊन तिथेच उभी होते.

"मेस्त्री, चौदह पीस बाकी हैं. क्या हुआ?"

"शेठ, वो मैं नहीं करेगा."

"क्यों? मॅडम बोली टर्की मारते हैं इसलिए? हबीबी, तुम चिकन खाता है ना?"

"खाता है."

"तो?"

"बुला के नहीं खाता."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुष्कळ समजावलं. तुझ्या न करण्याने कोणी शिकार सोडणार नाही, प्लास्टिकची घेतील. काका म्हणाले, घेऊ देत. शेवटी शेठनी खरं ते सांगितलं, की कपाटं आणि दरवाजे आता मशीन कापतं, आणि मेस्त्रींचा व्हिसा गेली चार वर्षं डब्यांवरच चालला आहे. "दूसरा काम मैं कहाँ से लाऊँ, तुम बोलो." काकांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "नहीं है, शेठ. मेरे को भी मालूम है." तयार सव्वीस जोड्या त्यांनी ऑर्डरसाठी शेठना देऊन टाकल्या. त्या न कळता केल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या चौदा डब्या अर्धवट कातलेल्या होत्या, त्या त्यांनी पठाणांना पानसुपारीसाठी वाटल्या. पठाण पानसुपारी खात नाहीत. त्यांनी स्क्रू ठेवले.

व्हिसा रद्द झाला, तिकीट निघालं. निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. काकांनी अकरा वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. फोन करून म्हणाले, "बाय, टर्की खयसर बघूक मेळात काय?"

शारजापलीकडे धैद गावाजवळ एका वाडीवर टर्की पाळतात असं मंदारने शोधून काढलं. आम्ही चौघं निघालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात स्वतःची एक जोडी होती, साहेबाने पास केलेल्या पहिल्या सहांसोबतची सातवी. शारजा मागे पडल्यावर म्हणाले, "नाय इले तर बरां होयत."

मी विचारलं, का?

"माझ्या आवाजार कोण मरूक नाय असां होयत."

मग पाच मिनिटं वाळवंट गेलं.

"पण नाय इले," ते म्हणाले, "तर अकरा वर्सां मी केलंय काय?"

मंदारने एसी कमी-जास्त केला. सानिका खिडकीबाहेर बघत होती. जेवणाच्या त्या रविवारपासून ती काकांशी मराठीत बोलायला लागली होती, चुकत-माकत.

वाडी सांभाळणारा रफीक बांगलादेशी होता. त्याने जाळीचं फाटक दाखवलं आणि म्हणाला, "वो पीछे बैठा है सब. आता नहीं है. हम बुलाता है तो भी नहीं आता." जाळीपलीकडे लांबवर, खजुराच्या सावलीत, सात नर बसलेले होते. काकांनी कपाळावर हात धरून त्यांच्याकडे निदान दोन मिनिटं बघितलं.

"हो असो आसा?" ते म्हणाले. "फोटोत बरो दिसता."

मग ते मातीत मांडी घालून बसले, डबी तळहातावर घेतली, काठी धरली आणि तीन गोल काढले. काही झालं नाही. रफीकने मान हलवली. काकांनी काठीचं टोक शर्टाला पुसलं आणि पुन्हा तीन, जरा लांबवून. एका नराने मान उंच केली. काकांनी चौथा गोल काढला आणि थांबले. सातही उठले.

ते धावत आले नाहीत. चालत आले, शेपट्या उभारून, पंख जमिनीला घासत, माना लाल-निळ्या झालेल्या, वाटेत थांबून गुळण्या केल्यासारखे ओरडत. जाळीशी येऊन एका ओळीत उभे राहिले. मी मेस्त्रीकाकांना मोठ्याने हसताना तोवर कधी बघितलं नव्हतं. त्यांचे मागचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

"बघलंस, बाय? आवाज बरोबर आसा," ते म्हणाले. मग तेच वाक्य त्यांनी हळू आवाजात पुन्हा म्हटलं, आणि हसू उतरलं. मला तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्यात ती पद्धत नव्हती.

रफीकने विचारलं, ही डबी कितीला देणार, इनको पकड़ने में बहुत तकलीफ होता है. काकांनी डबी आणि काठी खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. रफीक काय समजायचं ते समजून पाणी सोडायला गेला.

नर तिथेच. एकेक जण गोल फिरून काकांच्या मागे बघत होता, तिथे कोणी असेल म्हणून. ऊन वाढलं होतं, सानिकाला तहान लागली होती. मी म्हटलं, चला काका, निघूया.

"हे जाईत नाय," काका म्हणाले.

"आपण गेलो की जातील."

"ती हयसर आसा म्हणान इले ते." त्यांनी खिशावर हात ठेवला. "परत धाडूचो आवाज हेच्यात नाय, बाय. मी कधी तो केलंयच नाय."

म्हणाले, तुम्ही बसा गाडीत, मी आलो. आम्ही जाऊन बसलो, मंदारने एसी लावला. काचेतून दिसत होतं, काका जाळीला दोन्ही हात लावून उभे होते आणि त्या सातांना काहीतरी सांगत होते. बरंच सांगत होते, मधूनच हात हलवून. सातही जण ऐकत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कोणी हललं नाही, हेही नाही आणि तेही नाहीत. मंदारने शेवटी हॉर्न वाजवला. सातही नरांनी त्याला एका सुरात उत्तर दिलं, आणि पुन्हा काकांकडे तोंड करून उभे राहिले.